वॉर्म स्प्रिंग्ज : बिनपायऱ्यांच्या गावाची शंभर वर्षे

१९२५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, मेरिवेदर इन नावाच्या लाकडी हॉटेलात, काही पाहुण्यांनी तक्रार केली. आपल्या जेवणघरात पोलिओ झालेली माणसे बसतात, आपण ज्या तलावात पोहतो त्याच तलावात ती उतरतात, उद्या हा रोग आपल्याला लागला तर काय, असे त्यांचे म्हणणे होते. हॉटेल आधीच तोट्यात चालले होते, पाहुणे गमावणे परवडणारे नव्हते. त्यामुळे पोलिओच्या मंडळींची जेवणाची पंगत वेगळ्या खोलीत लागली आणि त्यांच्यासाठी पाण्याची सोयही वेगळी झाली. आठ वर्षांनी ते हॉटेल पाडण्यात आले. तोवर तक्रार करणारे पाहुणे निघून गेले होते आणि ज्यांच्याबद्दल तक्रार झाली तेच त्या जागेचे यजमान झाले होते.

जॉर्जिया वॉर्म स्प्रिंग्ज फाउंडेशन ही संस्था १९२७ साली स्थापन झाली. २०२७ मध्ये तिला शंभर वर्षे होतील. तिचा इतिहास बहुधा एका राष्ट्राध्यक्षाच्या चरित्रातले प्रकरण म्हणून सांगितला जातो. मला तो एका विश्रांतिस्थानाचा इतिहास म्हणून सांगायचा आहे. पोलिओमुळे माझ्या डाव्या पायात वयाच्या तिसऱ्या वर्षापासून कॅलिपर, म्हणजे आधाराचा धातूचा सांगाडा, आहे. उपचारासाठी मला कुठे ना कुठे नेणारे पुष्कळ भेटले. मौजेसाठी, पोहायला, सहलीला, नाटकात काम करायला नेणारे फार थोडे. वॉर्म स्प्रिंग्जने मौज आधी दिली आणि उपचार तिच्या हाताला धरून आले. म्हणून या संस्थेबद्दल मला इतके वाटते.

गाव मूळचे बुलकव्हिल. पाइन माउंटनच्या कुशीतल्या झऱ्यांमुळे त्याचे नाव १९२४ मध्ये वॉर्म स्प्रिंग्ज झाले. झऱ्यातून मिनिटाला नऊशे गॅलनच्या आसपास पाणी येते आणि त्याचे तापमान बारमाही ३१ अंश सेल्सिअसच्या जवळपास असते. आपल्याकडे गरम पाण्याचा झरा म्हटले की वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे आठवतात. तिथे पाय घालताना चटका बसतो आणि थोड्याच वेळात बाहेर यावे लागते. वॉर्म स्प्रिंग्जचे पाणी तसे नाही. ते कोमट आहे, अंगाला लागतही नाही असे. तासन्‌तास आत राहिले तरी थकवा येत नाही की हुडहुडी भरत नाही. या एका गोष्टीवर पुढचे सगळे उभे राहिले.

एकोणिसाव्या शतकात सव्हाना शहरातली सुखवस्तू कुटुंबे पिवळ्या तापाची साथ आली की इथे येऊन राहत. पुढे आगगाडी आली, मेरिवेदर इन बांधले गेले, भोवती लाकडी कुटिरे झाली, नृत्य आणि बोलिंग सुरू झाले. विसाव्या शतकात लोकांची पावले दुसरीकडे वळली आणि हॉटेलचा रंग उडू लागला. जॉर्ज फॉस्टर पीबडी नावाच्या बँकरने ते घेतले. लुई जोसेफ हा पोलिओ झालेला तरुण या पाण्यात सतत पोहून काठीच्या आधाराने चालू लागला, ही हकिगत पीबडीने न्यूयॉर्कच्या आपल्या मित्राला कळवली. हा मित्र म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट.

रूझवेल्टांना ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, दोन्ही पायांचा पक्षाघात झाला होता. तोवर ते नौदलाचे सहायक सचिव राहून उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले पुढारी होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये ते वॉर्म स्प्रिंग्जला आले. पाण्यात उतरल्यावर तीन वर्षांत पहिल्यांदाच पायाच्या बोटांत जीव आल्यासारखे त्यांना वाटले. छातीभर पाण्यात ते उभे राहू शकले, चालू शकले.

यात चमत्कार काही नव्हता. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. मेलेल्या पेशी कोणत्याही झऱ्याच्या पाण्याने जिवंत होत नाहीत. मात्र सगळ्या पेशी मेलेल्या नसतात. जमिनीवर ज्या मांडीला स्वतःचे वजन पेलत नाही ती पाण्यात हलते, कारण भार पाणी घेते. उरलेसुरले स्नायू तिथे कामाला लागतात आणि रोज वापरले की बळावतात. रूझवेल्ट पुन्हा कधीच आधाराशिवाय चालले नाहीत. तरीही ते आयुष्यभर इथे येत राहिले, कारण पाण्यात असताना त्यांना आपले शरीर परत मिळत होते. पोहायला शिकलेल्या कुठल्याही पोलिओग्रस्ताला विचारा, तो हेच सांगेल.

त्याच महिन्यात अटलांटाच्या एका वर्तमानपत्राने रूझवेल्ट पोहून बरे होणार अशा अर्थाचा सचित्र लेख छापला. तो देशभर पसरला आणि पुढच्या वसंतात पोलिओ झालेली माणसे यायला लागली. त्यांनी आधी पत्र पाठवले नव्हते, खोली राखून ठेवली नव्हती, काहींच्या खिशात परतीचे भाडेही नव्हते. कुणाला उचलून आगगाडीतून उतरवले, कुणी खुर्चीसकट उतरले. हॉटेलात ना डॉक्टर, ना परिचारिका, ना एक रॅम्प. या माणसांना परत पाठवावे असा सल्ला देणारे होतेच. रूझवेल्टांनी गावच्या डॉक्टरला बोलावून प्रत्येकाची तपासणी करून घेतली, आणि तलावाच्या काठाला धरून कोणता स्नायू कसा हलवायचा हे स्वतः शिकवायला सुरुवात केली. त्यांना वैद्यकातले कळत नव्हते, पण स्वतःच्या देहावर चार वर्षे सगळे प्रयोग करून पाहिलेला हा माणूस होता. लोक त्यांना डॉक्टर रूझवेल्ट म्हणू लागले.

वर सांगितलेली तक्रार या दिवसांतली. तिच्यावर दोन मार्ग होते. पोलिओच्या माणसांसाठी दूर कुठेतरी इस्पितळ उघडावे आणि हॉटेल निरोगी पाहुण्यांसाठी सोडावे, हा सोपा मार्ग. रूझवेल्टांनी दुसरा मार्ग निवडला आणि एप्रिल १९२६ मध्ये हॉटेल, झरे, कुटिरे आणि सुमारे १२०० एकर जमीन असे सगळेच विकत घेतले. त्यासाठी जवळपास दोन लाख डॉलर लागले, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या संपत्तीचा सुमारे दोन तृतीयांश भाग. त्यांचे वकिलीतले भागीदार बेझिल ओ’कॉनर यांना हा व्यवहार पसंत नव्हता. पुढे याच ओ’कॉनर यांनी पोलिओविरुद्धच्या लढ्याला आपले आयुष्य दिले.

डॉक्टरांची मान्यता मिळवणे अवघड गेले. अस्थिशल्यविशारदांचे अधिवेशन अटलांटात भरले तेव्हा रूझवेल्ट निमंत्रण नसताना तिथे गेले आणि चाकाच्या खुर्चीतून एकेका प्रतिनिधीला गाठून बोलले. शेवटी पाहणी करायचे ठरले. डॉ. लिरॉय हबर्ड यांनी तेवीस रुग्णांच्या स्नायूंची नोंद ठेवली, प्रत्येकात काही ना काही सुधारणा दिसली. त्या अहवालावर १९२७ साली फाउंडेशन उभे राहिले. हबर्ड वैद्यकीय प्रमुख झाले, हेलेना महोनी व्यायामोपचार पाहू लागल्या. १९२८ मध्ये एडसेल फोर्ड यांच्या देणगीतून काचेने बंदिस्त केलेला तलाव झाला आणि हिवाळ्यातही पोहता येऊ लागले.

सुरुवातीला रूझवेल्टांच्या डोक्यात दोन्ही होते : एकीकडे अपंगांचे केंद्र, दुसरीकडे श्रीमंतांसाठी गोल्फ, घोडदौड, मासेमारी, भोवती बंगल्यांची वसाहत. गोल्फ हा त्यांचा तरुणपणीचा लाडका खेळ. पोलिओने तो हिरावून घेतला. तरी त्यांनी नऊ होलचे मैदान करवून घेतले. निरोगी पाहुण्यांचा हा क्लब मात्र त्यांच्या मनात होता तसा कधी भरला नाही. मला वाटते, त्यामुळे संस्थेचे भलेच झाले. तो भरला असता तर अपंगांची जागा पुन्हा एकदा मागच्या खोलीत गेली असती. ते पाहुणे आले नाहीत, आणि तलाव, नाट्यगृह, जेवणघर, बागेतल्या वाटा हे सारे ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्या हाती राहिले.

१९३३ मध्ये मेरिवेदर इन पाडून त्या जागी जॉर्जिया हॉल उभा राहिला. पैसे जॉर्जियातल्या लोकांनी वर्गणी काढून दिले, आराखडा वास्तुविशारद हेन्री टूम्ब्स यांनी केला. पांढऱ्या खांबांची ही देखणी इमारत दक्षिणेकडच्या कुठल्याही मोठ्या घरासारखी किंवा क्लबासारखी दिसते. फरक फक्त एवढा की तिच्या दर्शनी दाराशी चाकाची खुर्ची अडत नाही. दारे रुंद, एका इमारतीतून दुसरीत जाणारे मार्ग सपाट किंवा हळूहळू चढणारे, जेवणघरात दोन टेबलांमध्ये खुर्ची फिरेल इतकी जागा. अपंगांसाठीची सोय म्हणून यातले काहीच वेगळे काढून दाखवता येत नाही. इमारतच तशी आहे.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका क्लबात मी एका लग्नाच्या स्वागतसमारंभाला गेलो होतो. दर्शनी दाराला अकरा पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. दारावरच्या माणसाने फार आपुलकीने मला मागच्या बाजूने, मुदपाकखान्यातून आत नेले. भांडी घासण्याच्या जागेवर पाणी साचले होते, कुबडी घसरेल म्हणून दोघांनी मला धरले. आत पोचलो तेव्हा कॅलिपरचा बूट ओला झाला होता आणि नवरा-नवरीला भेटायच्या रांगेत मी तसाच उभा राहिलो. कुणी अपमान केला नाही. परंतु दर्शनी दाराने आत जाणे आणि मागच्या दाराने नेले जाणे यात काय अंतर आहे, ते त्या ओल्या बुटाने मला शिकवले. जॉर्जिया हॉलची छायाचित्रे पाहताना माझी नजर आधी दाराकडे जाते ती त्यामुळे.

वॉर्म स्प्रिंग्जमधला दिवस कसा असे, हे तिथे राहून गेलेल्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. सकाळी पाण्यात व्यायाम, मग मोकळे पोहणे, पाण्यातले चेंडूचे खेळ. रूझवेल्ट असले की या खेळांत दंगा जास्त. नंतर चालण्याचा सराव. कॅलिपर तयार करण्याचा आणि दुरुस्त करण्याचा कारखाना आवारातच होता, त्यामुळे बिजागरी टोचली की तिथल्या तिथे ठीक करून मिळे. खुर्च्या ढकलायला आसपासची तरुण मुले असत, त्यांना पुश बॉय म्हणत. संध्याकाळी सिनेमा, पत्त्यांचे डाव, रुग्णांनीच बसवलेली नाटके. प्रेमप्रकरणेही होत, लग्नेही ठरत. घरी ज्या मुलीला आई-वडिलांनी पाहुण्यांसमोर आणणे बंद केले होते, ती इथे संध्याकाळसाठी केस विंचरून तयार होई. अपंगाच्या आयुष्यात हे काय असते, ते सांगायला मोठे शब्द लागत नाहीत.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला संस्थापकदिनाची मेजवानी असे. रूझवेल्ट मुख्य टेबलावर बसून स्वतः टर्की कापत, भोवती रुग्ण. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही शक्य त्या वर्षी त्यांनी हा शिरस्ता पाळला. १९३२ मध्ये त्यांनी इथे सहा खोल्यांचे साधे घर बांधले, तेच पुढे लिटल व्हाइट हाउस म्हणून ओळखले गेले. हातांनी चालवता येईल अशी फोर्ड गाडी त्यांनी करून घेतली होती. पायांनी दाबायचे ब्रेक आणि क्लच दांड्यांनी हातापाशी आणले होते. त्या गाडीने ते एकटे रानवाटांवर भटकत, शेतकऱ्यांशी पिकाच्या गप्पा मारत. डाउडेल्स नॉब या डोंगरमाथ्यावर सहलीला जात. जगापुढे ते आपले अपंगत्व झाकत. भाषणाच्या वेळी मुलाच्या हाताचा आधार, पोलादी कॅलिपरवर काळा रंग, खुर्चीतले छायाचित्र घेऊ नये असा दंडक. वॉर्म स्प्रिंग्जच्या तलावाकाठी मात्र त्यांचे काटकुळे पाय उघडे असत आणि त्याचे कुणाला काही वाटत नसे.

या इतिहासात एक गोष्ट आहे जी शताब्दीच्या लेखातही झाकता कामा नये. बिनपायऱ्यांच्या या गावाचे दार काळ्या रुग्णांना बंद होते. स्वयंपाक, धुणी, साफसफाई, बागकाम यांतले बरेच काम काळी माणसे करीत, पण त्यांच्या मुलाला पोलिओ झाला तर तो या तलावात उतरू शकत नसे. पोलिओ काळ्यांना फारसा होत नाही, असा खोटा समजही तेव्हा पसरलेला होता. टीका वाढल्यावर पर्याय निघाला तोही वेगळ्या पंगतीचाच : अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये जानेवारी १९४१ मध्ये काळ्या रुग्णांसाठी ३६ खाटांचे पोलिओ केंद्र उघडले. त्या केंद्राने उत्तम काम केले, काळ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना प्रशिक्षणही दिले. पण १९२५ मध्ये वेगळ्या खोलीत जेवायला बसवल्या गेलेल्या माणसांच्या संस्थेने दुसऱ्यांसाठी वेगळी खोली उघडावी, हे वाचताना आजही त्रास होतो. पंगतभेदाचा इतिहास असलेल्या आपल्या समाजाला तरी हे वेगळे समजावून सांगायला नको.

पैशाची बाजू थोडक्यात. मंदीच्या काळात देणग्या आटल्या तेव्हा ३० जानेवारी १९३४ या रूझवेल्टांच्या वाढदिवशी देशभर नृत्यसमारंभ ठेवले गेले. दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. जानेवारी १९३८ मध्ये पोलिओसाठी राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले, ओ’कॉनर त्याचे अध्यक्ष. एडी कँटर या विनोदी नटाने रेडिओवरून लोकांना सांगितले की प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, थेट व्हाइट हाउसला पाठवावे. टपालाच्या पोत्यांमधून २६ लाख ८० हजार नाणी आली. याच नाण्यांच्या ओघातून पुढे लसीचे संशोधन झाले.

१२ एप्रिल १९४५ रोजी दुपारी रूझवेल्टांचे लिटल व्हाइट हाउसमध्येच निधन झाले. त्या संध्याकाळी रुग्ण त्यांच्यासाठी गाण्या-नकलांचा कार्यक्रम करणार होते, तालीम झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्ययात्रा स्टेशनकडे निघाली तेव्हा ती जॉर्जिया हॉलसमोरून सावकाश गेली. दारासमोर रुग्ण आपापल्या खुर्च्यांत बसून होते. नौदलाच्या गणवेशातला ग्रॅहॅम जॅक्सन हा काळा वादक अकॉर्डियन वाजवत होता आणि त्याच्या गालांवरून अश्रू ओघळत होते. आदल्या रात्रीच्या कार्यक्रमात वाजवायला तो आला होता. लाइफ मासिकाच्या एड क्लार्क यांनी टिपलेले ते छायाचित्र जगभर गेले. जॅक्सन तिथे वादक म्हणून येऊ शकत होता, रुग्ण म्हणून आला असता तर त्याला जागा मिळाली नसती. त्या अश्रूंकडे पाहताना या दोन्ही गोष्टी मला एकदम आठवतात.

बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ रोजी, जोनास साल्क यांची लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. वॉर्म स्प्रिंग्जमधले पोलिओचे रुग्ण हळूहळू कमी होत गेले, आणि संस्था कमरेखाली लुळ्या झालेल्या, अपघातात सापडलेल्या, अर्धांग झालेल्या माणसांकडे वळली. १९५८ मध्ये पोलिओशी झुंजलेल्या पंधरा शास्त्रज्ञांचे आणि रूझवेल्ट व ओ’कॉनर यांचे अर्धपुतळे एका भिंतीवर बसवले गेले. १९७४ मध्ये संस्था जॉर्जिया राज्याकडे गेली, १९८० मध्ये तिच्या आवाराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. भारतात पोलिओच्या वन्य विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. म्हणजे माझ्यासारख्यांची पिढी आपल्याकडे अजून बराच काळ कुबड्या टेकत चालणार आहे.

आपल्याकडे या वाटेचे उदाहरण शोधताना मला कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक आठवतात. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या या बाईंनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक आहे. घर चालवणारी व्यक्ती खुर्चीत बसलेली असली की उंबरठा किती उंच ठेवायचा, याचा निर्णय कसा वेगळा होतो, ते त्यांच्या कामात दिसते.

या इतिहासातले शेवटचे नाव एका रुग्णाचे. ह्यू ग्रेगरी गॅलघर हा एकोणीस वर्षांचा कॉलेज विद्यार्थी १९५२ मध्ये पोलिओने आडवा झाला आणि वॉर्म स्प्रिंग्जला आला. तिथे तो खुर्चीत बसून जगायला शिकला. ज्या गावात कुठेही खुर्ची अडत नाही तिथून तो बाहेर पडला आणि मग त्याला उरलेला देश दिसला. शिक्षणाला ऑक्सफर्डला गेला, पुढे वॉशिंग्टनला अलास्काचे सिनेटर बार्टलेट यांच्याकडे कामाला लागला. देशाच्या कारभाराची ही राजधानी, पण सरकारी कचेऱ्या, ग्रंथालये, संग्रहालये पायऱ्यांनी भरलेली, आणि खुर्चीत बसता येईल असे स्वच्छतागृह जवळपास कुठेच नाही. जिथे त्याला रोज काम करायचे तिथेच तो पाहुणाही होऊ शकत नव्हता. रॅम्प मागणारी पत्रे लिहून झाल्यावर त्याने कायद्याचा मसुदाच लिहायला घेतला. सरकारी पैशाने बांधलेली, बदललेली किंवा भाड्याने घेतलेली इमारत अपंगांना वापरता आली पाहिजे, एवढेच त्यात म्हटले होते. १२ ऑगस्ट १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. गॅलघरने नंतर रूझवेल्टांच्या अपंगत्वावर पुस्तक लिहिले, पण वॉर्म स्प्रिंग्जचे ऋण त्याने खरे फेडले ते सतरा वर्षे आधी, त्या काही ओळींच्या कायद्यात.